अकरा इंच डावीकडे

खड्डा चार मिलिमीटर खोल होता. शामलानं तो व्हर्नियरच्या मागच्या बारीक काडीनं तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा चारच्या आसपासच आला. तोंडाशी तो वाटाण्याएवढा रुंद होता, तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा. चेलो या तिच्या वाद्याच्या बुडाला असलेली लोखंडी काडी बारा वर्षं एकाच जागी टेकून टेकून शहाबादी फरशीत तो पडला होता. बारा वर्षं ती तो रोज पाहत होती, झाडताना त्यातली धूळ फुंकर मारून काढत होती. पण तो खुर्चीपासून कुठे आहे हे तिनं आज पहिल्यांदाच मोजलं. खुर्चीच्या पाठीच्या मध्यापासून तिनं एक दोरा सरळ पुढे भिंतीपर्यंत ताणला. खड्डा त्या दोऱ्यावर नव्हता. दोऱ्याच्या डावीकडे अकरा इंच होता.

मोजायचं कारण साधं होतं. धरमपेठेतल्या ज्या मंडळात रविवारी तिचं गाणं होतं, त्या मंडळाच्या चिटणीस शोभाताई यांनी सकाळी चिठ्ठी पाठवली होती. रंगमंचावर खुर्ची कुठे, वाद्य कुठे, मायक्रोफोन कुठे, याचा एक आराखडा काढून द्यावा. चिठ्ठी मायेनं लिहिलेली होती. शेवटी एक ओळ जास्तीची होती: 'अध्यक्षांना या वाद्याची जरा धास्ती होती, पण मी त्यांना सांगितलं, आमच्या शामलाताई सायकलच्या कॅरियरवर बसल्यासारख्या एका बाजूला किती शालीन बसतात, तुम्ही काळजीच करू नका.' शामलानं चिठ्ठी घडी करून प्रयोगवहीत ठेवली, परत काढली, परत ठेवली. तिला राग आला नव्हता. पायातला मोजा आतून वळलेला असावा आणि दिवसभर चालताना तो कळत राहावा, तसं काहीतरी झालं होतं. कॅरियरवर बसलेली बाई कुणाची तरी सायकल कुठेतरी चाललेली असते म्हणून बसलेली असते. पुढे कोण बसलंय, असं तिनं स्वतःलाच विचारलं आणि उत्तर सापडेना, तेव्हा ती उठून दोरा शोधायला लागली.

पुढे कोण बसलं होतं हे तिला आठवत होतं, खरं तर. अठ्ठावन्न साली ती तेरा वर्षांची होती आणि विषमज्वरानं मिशनच्या दवाखान्यात एकवीस दिवस पडून होती. ताप उतरायच्या सुमारास रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून एक आवाज यायचा. तो कानात येण्याआधी पलंगाच्या लोखंडी दांडीत यायचा. दांडीवर तळहात ठेवला की हाताला कळायचा. तिला वाटायचं, ताप असा आवाज करत असेल. मग एकदा मेट्रननं तिला उठवून नेऊन दाखवलं: माणसाच्या धडाएवढं, कमरेत बारीक, जमिनीवर उभं धरून गजानं वाजवायचं चार तारांचं लाकडी वाद्य. मेट्रन पिकल्या केसांची, हाडकुळी स्कॉटिश बाई होती. ती दोन्ही गुडघे डावीकडे वळवून, पाय जुळवून बसायची आणि वाद्य डाव्या गुडघ्याला नुसतं टेकवायची. कंबर एकीकडे, खांदे एकीकडे. तिला तिच्या बाईंनी तसंच शिकवलं होतं, त्या बाईंना त्यांच्या बाईंनी. शामलाची आई कौसल्या पहिल्या रविवारी दारात उभी राहून हे सगळं बघून गेली आणि घरी येऊन बापाला म्हणाली की बाई गोरी असली तरी बसते चांगली, आपली पोरगी अशीच बसणार असेल तर शिकू दे. बाप आनंदराव मिलमध्ये कताईखात्यात होता, छातीत कापसाची धूळ भरलेला. त्यानं खोकल्याच्या अधेमधे मान हलवली. म्हणजे अट पडली ती अशी, न ठरवता, आणि ती पद्धत म्हणून रुजली. चेलो असाच वाजवतात. निदान बायका.

बासष्ट साली मेट्रन मायदेशी परतली आणि वाद्य शामलाला देऊन गेली. सायकलरिक्षातून ते सक्करदऱ्याच्या घरी आणताना रिक्षावाल्यानं खोळीकडे तीनदा वळून पाहिलं आणि चौथ्यांदा विचारलंच, 'बाई, अंदर मानूस तं नाही ना?' कौसल्या म्हणाली होती, मानूस असता तर सरकून बसला असता. त्या दिवसापासून ते घरात आहे. दोन खोल्यांतली अर्धी खोली त्यानं घेतली, कौसल्या त्याला 'ते धूड' म्हणते, आणि पावसाळ्यात त्याला भिंतीची ओल लागू नये म्हणून स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी मागे लावून ठेवते.

दोरा गुंडाळता गुंडाळता शामलाला वाटलं, अकरा इंच हे काही फार मोठं अंतर नाही. पण ते अंतर शरीरात कुठे कुठे जाऊन बसलं होतं हे तिला यादी केल्यासारखं ठाऊक होतं. कमरेच्या उजव्या बाजूला, जिथे थंडीत सकाळी हात लावून उठावं लागतं. मानेत. आणि सगळ्यात खोल, तिच्या गाण्याच्या पट्टीत. चेलोच्या प्रत्येक नगात एक जागा अशी असते की तिथला सूर नीट लागत नाही, गुरगुरतो, थरथरून फाटतो. मेट्रन त्याला लांडगा म्हणायची आणि हसून सांगायची, त्या रानात जायचंच नाही, बाजूनं निघून जायचं. पुढे शामला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली, आणि एका दुपारी प्रयोगशाळेतले ट्यूनिंग फोर्क घरी आणून तिनं लांडगा मोजला. सेकंदाला एकशे चौऱ्याहत्तर कंपनं. लाकडाच्या पोटाचा स्वतःचा एक सूर असतो. तार नेमक्या त्याच सुरात आली की दोघांची झटापट होते. यात गूढ काही नव्हतं. फक्त एकशे चौऱ्याहत्तर म्हणजे हार्मोनियमवरची पांढरी चार, खालच्या सप्तकातली. आणि पांढरी चार हाच शामलाचा षड्ज होता. तिचा आवाज जन्मापासून खालचा, भरडा. तिच्या घराचा उंबरा जिथे होता, नेमका तिथेच लांडगा बसला होता. म्हणून ती अडीच स्वर वर, काळी पाचमधून गात आली. अकरा-बारा वर्षं, आपल्या घराच्या बाहेर उभी राहून.

गाणी ती स्वतःच लिहायची. त्यात चंद्र नसायचा, साजण नसायचा. मिलचा भोंगा, रॉकेलची रांग, प्रयोगशाळेतल्या गॅसची निळी ज्योत, असलं काहीबाही असायचं. चाल ती गजावर शोधायची आणि शब्द चालीच्या मागून यायचे, पायपुसण्यावर पाय पुसून. वर्गात ऐकवली नाहीत, घरात दार लावून गायली. मग मागच्या वर्षी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची चारुलता नावाची मुलगी, मौद्याहून येऊन वसतिगृहात राहणारी, प्रॅक्टिकलची वही द्यायला घरी आली आणि खिडकीखाली उभी राहून पूर्ण गाणं ऐकून मग तिनं कडी वाजवली. त्यानंतर ती दर रविवारी यायची. गळा मोकळा, धीट. दुसरा आवाज म्हणून ती वर गाऊ लागली आणि गाण्यांना एकदम भिंती आणि छप्पर आल्यासारखं झालं. शोभाताईंकडे शामलाचं नाव तिनंच नेलं. आणि परवा, तानपुरा लावता लावता, कुठलाही आडपडदा नसलेल्या आवाजात तिनं विचारलं, 'मॅडम, तुमी काहून अशा बसता? कंबर नाही दुखत का?'

शामला म्हणाली होती, सवय आहे. हे उत्तर खोटं नव्हतं. पण परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर तिनं समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

कारण आठ वर्षांपूर्वीच तिला कळलं होतं. सीताबर्डीवर रेकॉर्डच्या दुकानात एका परदेशी तबकडीच्या वेष्टनावर एका बाईचं छायाचित्र होतं. बाई चेलो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरून बसली होती. कुणी तिच्याकडे पाहतंय याचं तिला काही पडलेलं नव्हतं. ती कामात होती. शामला दुकानात किती वेळ उभी होती कोण जाणे. दुकानदारानं शेवटी घ्यायची आहे का म्हणून विचारलं. म्हणजे मेट्रनची पद्धत ही पद्धत नव्हतीच. लांब झग्यांच्या काळातली कुणा लाजऱ्या बाईंची लाज समुद्र ओलांडून आली होती, नागपूरच्या एका मिल-कामगाराच्या मुलीच्या कमरेत येऊन बसली होती, आणि तिच्या आईनं ती आपलीच म्हणून ओळखून घरात घेतली होती. त्या संध्याकाळी शामलानं घरी येऊन दाराला कडी घातली, साडीच्या निऱ्या मध्ये पडू दिल्या, वाद्य गुडघ्यांत घेतलं आणि पांढरी चारवर गज ओढला. लांडगा नव्हता. तिनं परत ओढला. तिथे सरळ, जाड, तपकिरी सूर होता. गुडघ्यांनी लाकडाच्या बरगड्या दाबल्या गेल्या होत्या आणि त्याचं पोट हट्ट करायचं थांबलं होतं. ती त्या सुरात गायली. चार मिनिटं. मग बाहेर कौसल्येच्या चपला वाजल्या आणि शामला वळून एका बाजूला बसली, इतक्या झटकन की गज खुर्चीच्या पाठीला लागून त्याचं टोक टवकलं. प्रयोगवहीत तिनं त्या रात्री तारीख घातली, उद्देश लिहिला, साहित्य, कृती, निरीक्षण लिहिलं. निष्कर्षासमोरची जागा कोरी ठेवली. आठ वर्षं ती जागा कोरी आहे. मधे एकोणसत्तरात बाप गेला, आणि ज्यानं मान हलवून ही अट मंजूर केली त्याच्या पश्चात ती मोडणं तिला अजूनच अवघड होऊन बसलं. असं ती स्वतःला सांगायची. त्यात बापाचा काय दोष होता, हे तिनं कधी तपासलं नव्हतं.

बापाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना हा प्रश्न आपसूक वर आला, आणि त्याच्यासोबत छप्पन्नचा ऑक्टोबर आला. ती अकरा वर्षांची. दीक्षेच्या मैदानात पांढरी वस्त्रं, पांढरी वस्त्रं, जिथवर नजर जाईल तिथवर. तिचा हात बापाच्या हातात. प्रतिज्ञा सुरू झाल्या आणि लाखो माणसं एका तोंडानं म्हणू लागली, तेव्हा तिच्या तळपायांना जमीन गुणगुणताना कळली. पुढे दवाखान्याच्या पलंगाच्या दांडीत तिनं ओळखलं ते हेच असावं. बाप एकेक शब्द ओरडून म्हणत होता, मधे खोकत होता, खोकल्यात गेलेला शब्द परत म्हणत होता. घरी आल्यावर त्यानं कौसल्येला विचारलं, तू म्हणलं का? ती म्हणाली, मनात म्हणलं. बाप हसला नाही, रागावलाही नाही. 'मनात सोडलं तं कोणाले समजते वं?' तो म्हणाला. 'तोंडानं म्हणा लागते. लोकांपुढं.' मग कौसल्या देवांच्या रिकाम्या झालेल्या कोनाड्यासमोर उभी राहिली आणि शेजारच्या तिन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, चुकत, थांबत, सगळं म्हणाली. शामला दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आईचा आवाजही खालचाच आहे, हे तिला त्या दिवशी समजलं होतं आणि नंतर इतकी वर्षं ती विसरून गेली होती.

अंगणातून हातोड्याचा ठोका आला. संत्र्याचा हंगाम होता. कौसल्या अजूनही हंगामात बाजारात पेट्या भरायला जायची, आणि आज येताना तिनं एक मोडकी पेटी कोळसे ठेवायला उचलून आणली होती. ती जमिनीवर बसली होती. काष्टा घट्ट, दोन्ही गुडघे, तिच्या भाषेत टोंगळे, फाकवलेले, पेटी त्यांच्या मध्ये आवळून धरलेली, आणि तोंडात तीन खिळे. शामला पायरीवर उभी राहिली. आयुष्यात हजारदा पाहिलेलं दृश्य होतं. बाजारात ओळीनं वीस-वीस बाया अशा बसायच्या, व्यापारी समोरून जायचे, दलाल जायचे, आणि कुणाच्या मनात काही यायचं नाही, कारण त्या कामात असायच्या. शामलानं, कशाला म्हणून नाही, विचारलं की पेटी अशी टोंगळ्यात कशाला धरायची, भिंतीला टेकवून ठोकता येत नाही का.

कौसल्येनं तोंडातले खिळे तळहातावर काढले. एवढी शिकलेली पोरगी आणि असला प्रश्न, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. 'टोंगळ्यात धरली नाही तं नाचते ना वं ते,' ती म्हणाली. 'नाचणाऱ्या पेटीत खिळा बसते का कधी?'

आणि तिनं पुढचा खिळा एका ठोक्यात बसवला.

शामला आत आली. आराखड्याचा कागद अजून कोरा होता. तिनं खुर्ची काढली, मायक्रोफोन काढला, चारुलता आणि तानपुरा काढला. वाद्याची जागा काढताना पेन्सिल थांबली. तिनं रविवारच्या गाण्याचे शब्द परत म्हणून पाहिले, ओठातल्या ओठात.

हाताचा वास जात नाही, आई,
तू धू, मी धुते, जात नाही.
बाग होता दुसऱ्याचा, वाट दुसऱ्याची,
वास तेवढा तुझा, घरी आलेला.

हे गाणं कौसल्येनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि तिची एकच तक्रार होती: वास काहून जात नाही, राखेनं घासला की जाते. शोभाताईंना मात्र ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं. काळी पाचमधून तुमचा आवाज किती गोड, किती करुण लागतो, असं त्या म्हणाल्या होत्या. शामलाला नेमकं तेच टोचलं होतं. वर नेलं की हे गाणं हात जोडून उभं राहायचं. माझ्या आईकडे बघा, कीव करा, असं म्हणायचं. खाली, आपल्या जागी, ते तसं काही मागत नव्हतं. तिथे ते फक्त सांगत होतं, पेटीवर खिळा ठोकावा तसं. चेलोशिवाय ते गाणं उभं राहत नव्हतं, आणि चेलो एका बाजूनं धरला तर गाण्याला खाली बसता येत नव्हतं. इतकं सरळ गणित होतं. आठ वर्षं तिनं ते उत्तराच्या आधी एक ओळ सोडून ठेवलं होतं. तिनं वाद्याची जागा काढली नाही. तो भाग तसाच ठेवून कागद घडी केला.

शनिवारी दुपारी तालीम होती. कौसल्या म्हणाली मी पण येते, एवढं धूड घेऊन जातेस ते लोकांना ठेवायला जागा आहे का बघते. सक्करदऱ्यापासून धरमपेठेपर्यंत रिक्षात तिघी होत्या म्हणायच्या: शामला, कौसल्या आणि मध्ये खोळीतलं वाद्य. सभागृह रिकामं होतं, ऊन उंच खिडक्यांतून खुर्च्यांच्या पाठींवर पडलं होतं, फिनेलचा वास येत होता. कौसल्या सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली. पुढे बसा म्हणून शोभाताईंनी दोनदा आग्रह केला, पण तिनं, इथून बरं दिसते, असं हातानंच सांगितलं. रंगमंचावर खुर्ची आधीच मांडलेली होती, तिरकी, शोभाताईंनी आठवणीनं वळवून ठेवलेली. चारुलता तानपुरा घेऊन बसली होती. तारा काळी पाचला लावत होती.

'पांढरी चारला लाव,' शामला म्हणाली.

चारुलतानं वर पाहिलं. मग खुंट्या सैल करायला लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. शामलानं खुर्ची दोन्ही हातांनी उचलून सरळ केली, प्रेक्षकांकडे तोंड करून. लाकडी फळ्यांवर पायांचा आवाज मोठा झाला. ती बसली, वाद्याची काडी बाहेर ओढली आणि टोक सरळ समोर टेकवलं, अगदी मधोमध, जिथे अजून कुठलाही खड्डा नव्हता.

शोभाताईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या जवळ आल्या, आवाज खाली करून बोलू लागल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. शामलाच्या या कार्यक्रमासाठी त्या तीन बैठका भांडल्या होत्या. त्यांनी समजावलं की पहिल्या रांगेत अध्यक्ष सहकुटुंब बसतात, त्यांना शब्द दिलेला आहे, आपल्याकडे बाईमाणसानं असं बसायची लोकांना सवय नाही, हळूहळू होईल, पुढच्या वर्षी बघू. आणि तसंच अडलं तर पेटीवाले येणारच आहेत, चारुलता हे गाणं हार्मोनियमवर काळी पाचमधून छान म्हणेल, गाणं तर तुमचंच राहील. हे शेवटचं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मग विचारलं, 'काय करायचं, सांगा बरं शामलाताई. नीट विचार करून सांगा.'

विचार करून. शामलाला हसू यायच्या बेतात होतं. तिनं गज उचलून मांडीवर आडवा ठेवला. टवकलेल्या टोकावरून बोट फिरवलं. हे उत्तर ती शोभाताईंच्या कानात सांगू शकत होती, त्या अगदी हाताच्या अंतरावर वाकून उभ्या होत्या. तसं सांगितलं असतं तर दोघींमध्येच मिटलं असतं आणि उद्या सकाळपर्यंत मागेही घेता आलं असतं. तिनं शोभाताईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बावीस रांगा. शेवटच्या रांगेत उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला कौसल्या बसली होती, पुढे झुकून, कानामागे पदर सारून, दोन्ही हात दोन्ही टोंगळ्यांवर. तिचा चेहरा इतक्या लांबून वाचता येत नव्हता. ती 'नाही' म्हणत असेल, किंवा नुसतीच ऐकत असेल. तळपायांखाली फळ्यांत तानपुऱ्याचा षड्ज आला होता, खालचा. चारुलतानं तारा लावून संपवल्या होत्या आणि ती थांबत नव्हती. शामलानं गुडघे उघडले, निऱ्या मध्ये पडू दिल्या, आणि वाद्याच्या दोन्ही बरगड्या आवळून धरल्या. कॉलेजात, मंडळात, चिठ्ठ्यांत इतकी वर्षं वापरलेली पुस्तकी भाषा तिनं या वेळी बाजूला ठेवली, आणि बाविसाव्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं, स्वतःच्या पट्टीत, ती म्हणाली:

'उद्या मी हे दोन्ही टोंगळ्यात धरून वाजवणार आहो. अन् गाणार बी मीच आहो, माह्या सुरात.'